मधली फळी

ज्ञानेश्वरीनं कपाटाच्या मधल्या फळीला खालून तळव्यानं ठोका दिला. फळी हलली नाही. दुसऱ्या ठोक्याला ती एका बाजूनं उचकटली आणि पांढरी भुकटी दोघींच्या हातांवर पडली.

"धरा ताई. पायावर पडली तर रविवारी लंगडत जाल."

सत्यशीलानं फळी धरली, बाहेर काढली आणि भिंतीला टेकवून उभी केली. गेले आठ दिवस घरात रविवारचं नाव कुणी काढत नव्हतं. वहिनीनं, ज्ञानेश्वरीनं, ते असं सहज काढलं होतं.

रविवारी राहुरीकडून सत्यशीलाच्या सासरची माणसं येणार होती. सासरे, मामेसासरे आणि त्यांच्या गावातले दोघं. बैठक बसेल, चहा होईल आणि मग लेक त्यांच्या गाडीत बसेल, असं आईनं, मुक्ताबाईनं, धरूनच ठेवलं होतं. नागपंचमीला आलेली सत्यशीला अजून माहेरीच होती आणि आता खाचरांतला भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही काही सांगितलं नव्हतं.

सकाळचे साडेदहा वाजले होते, तरी धुकं उठलं नव्हतं. ते खिडकीतून आत आलं होतं आणि पलंगावर काढून ठेवलेल्या साड्यांवरून हळूहळू सरकत होतं. पडवीत मुक्ताबाई नागली पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता, ती दिसत नव्हती.

कपाट ज्ञानेश्वरीचं होतं, तिच्या लग्नात आलेलं. दोन उंच कप्पे, एक आरसा. घडीचे कपडे या हवेत दाबून ठेवले की त्यांना बुरशी धरते, म्हणून एक कप्पा मोकळा करून आडवा पाइप बसवायचा, असं तिनं परवा जेवताना सांगितलं. तिच्या नवऱ्यानं, गोरक्षनं, पाइप आणला, शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन आणून ठेवलं आणि जीप घेऊन तो भंडारदऱ्याला गेला.

"तुमचा भाऊ परत येईस्तोवर दिवाळी हुईल," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आपणच करू. आत शिरा आन् टेप वर धरा."

सत्यशीला कपाटात वाकली. आत जुन्या लाकडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता. डोकं आत गेलं तसा बाहेरचा आवाज लांब गेला. सूप, कोंबड्या, कुठल्याशा गाईच्या गळ्यातली घंटा, सगळं पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं. आपले पाय बाहेर आहेत की नाहीत हेही तिला क्षणभर कळेना. इथं अंग दुमडून बसलं तर कुणाला सापडणार नाही, असं तिला वाटलं. सासरी सहा वर्षं कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला होती. नेसायची साडी रोज सकाळी मागून घ्यायची. इथं आल्यापासून तिचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत होते. त्यांना कुबट वास येऊ लागला होता. तो कुणाच्या लक्षात आला असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"झोपल्या का काय आत?"

"न्हाई. किती फुटावर खूण करू? अडीच?"

"अडीच कशाला?"

"घडी घालून हँगरला टाकलेली साडी अडीच फुटांत बसती. मग वर ही फळी परत बसवता यील. तुमचा कप्पा जायचा न्हाई."

"फळी जाऊ द्या. चुलीपाशी लावू, डबे ठेवायला. चार फूट धरा."

सत्यशीलानं टेप चारवर आणली. ज्ञानेश्वरीनं पेन्सिल पुढं केली, पण खूण करायला तिचा हात उठेना. टेपचं खालचं टोक तळफळीवर टेकलं होतं आणि वरचा चारचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. या गावात सुना साडीच नेसतात. ड्रेस घालायचा तो लेकींनी, तोही माहेरी. लग्न झाल्यापासून वहिनीच्या अंगावर तिनं साडीशिवाय काही पाहिलं नव्हतं. या घरच्या बायका दोघीच, आई आणि वहिनी, आणि दोघींच्याही साड्यांना अडीच फूट पुरत होते.

तिनं मान बाहेर काढली. ज्ञानेश्वरी ड्रिलच्या टोकावर फुंकर घालत होती. वर बघत नव्हती.

"सत्यशीला," पडवीतून मुक्ताबाईनं हाक मारली. "ती बॅग उन्हात ठिवायची म्हनलं तर ऊनच न्हाई. कपडे काढून विस्तवापाशी शेक. रविवारी वल्ले कपडे घिऊन जाशील का?"

सत्यशीलाचा हात टेपवरच राहिला.

"आत्या, ताई कामात हायत," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"कसल्या?"

"माझ्या."

सूप थोडा वेळ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

ज्ञानेश्वरीनं स्वतःच पेन्सिल घेऊन चार फुटांवर एक रेघ मारली आणि ड्रिलचं टोक तिच्यावर टेकवलं. बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"प्लायवूड हाय ताई. भोक एकदा पडलं का पडलं. नंतर मला म्हणू नका, ईचारलं न्हाई म्हणून. चार पुरतात?"

खिडकीत धुकं आता इतकं दाट होतं की गोठाही दिसत नव्हता. सत्यशीला खाली बसली. पलंगाखालून बॅग ओढली, चेन उघडली आणि तळाशी हात घालून एक ड्रेस काढला. लग्नाआधीचा, निळा, घड्यांवर पिवळट पडलेला. तो खांद्यांशी धरून ती उभी राहिली. टेपचं एक टोक तिनं खांद्यावर दाबलं, दुसरं घेराच्या शेवटापर्यंत सोडलं आणि आकडा वाचला. वर हँगरच्या हुकाची उंची धरली. मनातल्या मनात बेरीज करून पुन्हा एकदा पाहिलं.

मग ती कपाटात वाकली. वहिनीची रेघ अंगठ्यानं पुसून काढली आणि तिच्या दोन इंच वर नवी मारली, गडद.

"दाबा," ती म्हणाली.