पानांतला आवाज

“नाही,” ती म्हणाली आणि तिने डावा हात खिडकीकडे उचलला.

मिस्त्रीने भरवायचा चमचा वाटीत ठेवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून बायकोच्या तोंडात हा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही. पण हात तिने आज पहिल्यांदाच आपणहून उचलला होता. बाहेर कुठल्याशा झाडात एक पक्षी शीळ घालत होता. बासरीत कुणी फुंकर मारावी आणि मध्येच थांबावं, तशी. असा आवाज मिस्त्रीने जन्मात ऐकला नव्हता.

“कोणता पक्षी ते विचारतेस?”

“नाही.” पण हात खाली आला नाही.

पूर्वी घरात बोलायचं खातं तिचंच होतं. शाळेचे गणवेश शिवताना मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून ती दिवसभर बोलायची आणि तो नुसता हुंकार भरायचा. त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, आणि राहिला मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. ‘जगाला वर नेता आणि बायकोला जिना,’ असं ती धापा टाकत सुनवायची. आता तो जिनाही तिच्याच्याने होणार नव्हता, म्हणून लेकीने या अनोळखी वस्तीत तळमजल्यावरची खोली बघून दिली. इथे आल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि खाणं सोडलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आता पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

आणि आज तिला काहीतरी हवं होतं. लेकीला तिच्यापाशी बसवून मिस्त्री पायांत चपला सरकवून निघाला.

वस्ती त्याच्या पायाखालची नव्हती. आवाजाच्या रोखाने वळावं तर पुढे भिंत, भिंतीला वळसा घालावा तर आवाज पाठीमागे. बेकरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, असेल कोकीळ. कोकीळ नव्हता, एवढं मिस्त्रीलाही कळत होतं. औषधाच्या दुकानात त्याने शीळ घालून दाखवायचा प्रयत्न केला, तर कवळी हलली आणि नुसतीच हवा सुटली. दुकानदाराने त्याला दम लागलाय समजून स्टूल पुढे केलं. एका इमारतीखाली तो मान वर करून उभा राहिला, तेव्हा गॅलरीतून एका बाईने दरडावून विचारलं, काय बघताय वर? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको आजारी आहे, एवढंच तो म्हणाला.

ऊन तापलं. आवाज बंद झाला. गल्लीच्या टोकाला मोठ्या झाडाखाली एक बाई इस्त्री करत होती. तिच्या टेबलाला धरून मिस्त्री उभा राहिला आणि त्याला रडूच फुटलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात वर पानांत काहीतरी मांजरासारखं कर्कश ओरडलं, आणि पिवळाधमक, काळ्या पंखांचा एक पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर गेला.

“हळद्या,” बाई म्हणाली. “चिडला की असा ओरडतो. एरवी शीळ घालतो. पानांत बसतो ना, म्हणून दिसत नाही कुणाला.”

“रोज असतो?”

“आता जाईल. हवा बदलली की जातात ते.”

मिस्त्री जवळजवळ धावतच घरी आला. लेक दारातच उभी होती. तिचे डोळे सुजले होते. डॉक्टरांनी नर्स पाठवली होती, ती काम उरकून गेली होती.

“बाबा, थांबून चालणार नव्हतं हो.”

नळी बायकोच्या नाकाला चिकटपट्टीने चिकटवली होती. तिने ओढू नये म्हणून डावा हात पलंगाच्या दांडीला बँडेजने बांधला होता.

मिस्त्री तिच्या उशाशी बसला. “हळद्या म्हणतात त्याला,” तो म्हणाला. “पिवळा असतो. मी बघितला.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. बांधलेला हात ताणला गेला. “नाही,” ती म्हणाली. ते पक्ष्याबद्दल होतं, नळीबद्दल की त्याच्याबद्दल, हे त्याला उमगेना. त्याने बँडेज सोडलं. ती नळी उपसून काढेल, असं लेक कळवळून म्हणाली. मी हात धरून बसतो, तो म्हणाला, आणि रात्रभर धरून बसला.

सकाळी त्याने तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. रस्त्यात लोक नळीकडे बघत होते. तो खुर्ची ढकलत राहिला. त्यांना बघून इस्त्रीवाल्या बाईने टेबल बाजूला ओढलं. आज काही आवाज नाही हो, ती हळूच म्हणाली.

बायकोची मान वर होत नव्हती. मिस्त्री मागे उभा राहिला, तिचं डोकं त्याने दोन्ही तळव्यांत घेतलं आणि सावकाश मागे कलवलं. वर पानंच पानं होती. ती बघत होती. थोड्या वेळाने त्याचे हात भरून आले, तेव्हा त्याने कोपरं खुर्चीच्या पाठीवर टेकवली आणि तिचं डोकं तसंच धरून ठेवलं.