नायकसभेपुढे टाइमकीपरबाई

टाइमकीपरबाई भाचीला न्यायला आल्या त्या वीस मिनिटं आधीच. बस डेपोत बावीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावलेल्या बाईला उशीर करणं जमतच नसे.

शाळेच्या व्यायामशाळेत स्काउट पथकाची शनिवारची सभा चालली होती. चार कोपऱ्यांत चार संघ, प्रत्येकात सहा-सात पोरं-पोरी. कुठे दोरांच्या गाठी, कुठे नकाशा, कुठे नुसतंच कडाक्याचं भांडण. आणि या सगळ्या गदारोळात एकच मोठा माणूस, तोही उलट्या खोक्यावर बसून निवांत संत्रं सोलत होता. पूर्वी जमीनमोजणी खात्यात होता, म्हणून त्याला सगळे मोजणीदार म्हणत.

बाईंना राहवेना. "इथलं काम कोण बघतं हो?"

"पोरं बघतात," मोजणीदार म्हणाले. "मी पोरांकडे बघतो."

हे उत्तर बाईंच्या डोक्यात आठवडाभर भुंग्यासारखं गुणगुणत राहिलं. पुढच्या शनिवारी त्या चाळीस मिनिटं आधी हजर. प्रश्नांवर प्रश्न. संघाचा नायक कोण ठरवतं? संघातली मुलंच. सहलीला कुठे जायचं? चौघे नायक आणि एक चिटणीस मिळून नायकसभा, ती ठरवते. मग मोठ्यांचं काय काम?

"परवानग्या काढणं, औषधांची पेटी भरलेली ठेवणं, आणि तोंड बंद ठेवणं. तिसरं सगळ्यात अवघड."

चौकशी करता करता बाई कधी अडकल्या ते त्यांनाही कळलं नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आला, नियमावलीवर सही झाली. गळ्यात स्कार्फ घालून आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा नवरा म्हणाला, "डेपोत ड्रायव्हर ऐकत नाहीत, इथे पोरं ऐकणार?"

"इथे मीच ऐकायचं असतं," बाई म्हणाल्या.

दोन महिने छान गेले. मग एका शनिवारी सभा संपली, पांगापांग झाली आणि पायरीवर चिमणी एकटीच उरली. पथकातली सगळ्यात लहान, नऊ वर्षांची. वडील छापखान्यात; पाळी लांबली की उशीर ठरलेला. भाची मैत्रिणींबरोबर घरी गेली होती आणि मोजणीदार दाढ दुखते म्हणून आधीच निघून गेले होते. अंधारून आलं. बाईंनी वडिलांना फोन केला आणि चिमणीला स्कूटरवर घालून घरी पोचवलं. वडिलांनी दहादा आभार मानले. बाईही खुशीत घरी आल्या.

पुढच्या शनिवारी नायकसभेचं बोलावणं आलं.

सामानाच्या खोलीत तंबूंच्या गाठोड्यांवर चौघे नायक बसले होते. वही घेऊन चिटणीस म्हणून बसली होती ती त्यांचीच भाची.

"काय गं, कशाला बोलावलंत?"

"मावशी... म्हणजे ताई," भाची कानापर्यंत लाल झाली. "सभेत ताईच म्हणायचं असतं."

नायकांतली थोरली मुलगी, वय वर्षं चौदा, घसा खाकरून म्हणाली, "ताई, मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत एकटं राहायचं नाही, दुसरं मोठं माणूस हवंच, असा नियम आहे. तुम्ही चिमणीला एकटीच घेऊन गेलात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग काय अंधारात सोडून जायचं होतं? मी काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही म्हणत, ताई. नियम मोडला म्हणतोय."

बाई तडक बाहेर आल्या. मोजणीदार खोक्यावरच होते. "तुम्हाला माहीत होतं हे?"

"हो."

"तुम्हालाही माझ्यावर संशय आहे?"

"तिळभरही नाही," मोजणीदार म्हणाले. "पण बाई, वाईट माणूसही असाच गोड बोलून घरी सोडायला निघतो. तुमच्यासारखी चांगली माणसं नियम सोडायला लागली, तर त्याच्यात आणि तुमच्यात फरक कसा कळायचा? उद्या चिमणीला एखाद्याला 'नाही' म्हणायचं झालं, तर ती म्हणेल, त्या ताईंनी तर नेलं होतं."

 बाईंचा राग कुठे विरला ते कळलं नाही. त्याच्या जागी त्यांची जुनी चौकस खोड डोकं वर काढू लागली. त्या पुन्हा खोलीत शिरल्या आणि गाठोड्यावर बसल्या.

"चुकलं माझं. आता सांगा, मी काय करायला हवं होतं?"

मुलं एकदम मोकळी झाली. शाळेच्या रखवालदाराजवळ दिव्याखाली थांबायचं. मोजणीदारकाकांना फोन करून परत बोलवायचं. "आम्हाला तरी थांबवायचं," एक नायक म्हणाला.

"पण पथकातलं दुसरं मोठं माणूस त्या दिवशी होतंच कुठे?" बाईंनी विचारलं. "सभा संपल्यावर कोण थांबणार, हे कुठे लिहिलंय का?"

 कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मग नुसता माझ्यावर ठपका ठेवून कसं भागेल? आधी कोण गेलं होतं?"

भाचीनं वहीचं पान उलटलं, पेन उचललं. "मोजणीदारकाकांना बोलवा."

काका अर्धं संत्रं हातात घेऊनच आत आले. दाढेची सबब सभेनं ऐकून घेतली, पण निरोप न ठेवता गेल्याबद्दल नोंद झालीच. त्यांनी निमूटपणे मान डोलावली. बाईंना हसू आवरेना.

त्याच रात्री बाईंनी जेवणाच्या टेबलावर तक्ता आखला: प्रत्येक शनिवारी शेवटचं मूल जाईपर्यंत थांबणारी दोन मोठी माणसं. माणसं कमी पडत होती. नायकसभेनं पालकांना पत्र लिहिलं आणि सगळ्यात आधी होकार आला तो चिमणीच्या वडिलांचा. त्यांनी छापखान्यात पाळी बदलून घेतली, प्रशिक्षण घेतलं, दाखला काढला.

त्यांचा पहिला शनिवार आला. सभा सुटायच्या ऐन वेळी दारात धापा टाकत, बोटांना शाई तशीच, ते उभे राहिले. चिमणीनं घड्याळाकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि ओरडून सगळ्या पथकाला सांगितलं, "बाबा वेळेवर आले!"

बाकीची सगळी मुलं आपापल्या घरी गेली तरी बाई आणि चिमणीचे बाबा बराच वेळ पायरीवर बसून होते, कारण बाईंना आता छपाईचं यंत्र कसं चालतं ते जाणून घ्यायचं होतं.