बिरूच्या गळ्याशी सात दिवस

मला हातात घेऊन बघाल, तर नळाचा एखादा सुटा तुकडा आहे असंच वाटेल तुम्हाला. मी बोटाएवढा, पारदर्शक प्लास्टिकचा. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार, म्हणून नावही टी-पीस. मला तीन तोंडं आहेत, पण बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली.

माझं काम साधं आहे. एखाद्या मुलाला स्वतःहून श्वास घेता येईनासा झाला, की त्याच्या घशात नळी घालून ती श्वासाच्या यंत्राला जोडतात. मूल सुधारलं की यंत्र एकदम काढून चालत नाही. यंत्र थोडा वेळ बाजूला करतात आणि त्या नळीला मला लावतात. माझ्या एका तोंडाशी मूल, दुसऱ्यातून ऑक्सिजन, तिसरं तोंड मोकळं. मी कुणाला श्वास देत नाही. ज्याचा त्यानं घ्यायचा. तो येतो की नाही, हे मात्र सगळ्यांच्या आधी मला कळतं.

मी बारामतीच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात आलो तो यंत्राबरोबरच. यंत्र पुण्याहून जुनं म्हणून आणलेलं, मी नवा. दवाखाना डॉक्टर बुद्धघोष यांचा. ते इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे, त्यांच्या घरात पहिलेच डॉक्टर झालेले. हुशार माणूस, हाताला घाई नव्हती. त्यांच्याबरोबर करुणा सिस्टर. पहिल्या दीड वर्षात पाच-सहा मुलं माझ्यातून श्वास घेऊन घरी गेली. आपल्याला कामाचं सगळं कळलं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग शहाण्णव सालच्या डिसेंबरात बिरू आला.

बिरू सात वर्षांचा, कऱ्हाटीच्या माळावरचा. आईबाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरलेले. शाळेसाठी त्याला आजीपाशी ठेवलेलं. आजीचं नाव म्हाळसा. सकाळी पोरगं पोटात दुखतं म्हणत उठलं, तासाभरात त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. चुलत्यानं, कुंडलिकनं, दुधाच्या जीपमध्ये घालून आणलं तेव्हा अंग पार ढिलं पडलं होतं आणि श्वास थांबत आला होता. डॉक्टरांनी लगेच नळी घातली, यंत्र लावलं.

साप चावला का, असं त्यांनी विचारलं होतं. कुणी साप बघितला नव्हता. अंगावर खूण नव्हती, सूज नव्हती. मेंदूज्वर असावा असं धरून औषधं सुरू झाली.

तीन दिवस गेले. बिरू हलला नाही. चिमटा काढला तरी नाही. डॉक्टर पापणी उचलून बॅटरीचा उजेड टाकत, पण बुबुळं आहेत तशीच राहत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी आजीला आणि कुंडलिकला खाटेपाशी बोलावलं. मी शेजारच्या ट्रेमध्ये होतो, सगळं ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, खोटी आशा लावत नाही. याच्यात आता काही राहिलेलं नाही. छाती हलते ती यंत्रामुळं. एकदा यंत्र काढून पाच मिनिटं बघतो. श्वास नाहीच आला, तर पुन्हा लावत नाही. चालेल का?"

कुंडलिक म्हणाला की भावाला निरोप धाडलाय, पण तो कुठल्या रानात असेल सांगता येत न्हाय. थांबता येईल का, असं त्यानं हळूच विचारलं. डॉक्टर आजीकडे बघत राहिले. ती बिरूच्या पायावर हात ठेवून उभी होती. ती एकच शब्द बोलली.

"व्हय."

मग मला उचललं. यंत्राची नळी सुटली आणि बिरूच्या गळ्याशी मी आलो. ऑक्सिजन सुरू झाला. करुणा सिस्टरनं माझ्या मोकळ्या तोंडाशी कापसाचा एक धागा चिकटपट्टीनं लावला. ऑक्सिजनच्या झुळकेनं तो बाहेरच्या बाजूला सरळ उभा राहिला. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. माझ्यातून फक्त ऑक्सिजन वाहत होता. असा रिकामेपणा मी कधी अनुभवला नव्हता. आजीनं डोळे मिटून घेतले होते.

तिसऱ्या मिनिटाला बिरूच्या बाजूनं काहीतरी ओढल्यासारखं झालं. इतकं थोडं, की मलाच खरं वाटेना. धागा थरथरला आणि किंचित आत वळला. पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आत.

"सर," करुणा सिस्टर म्हणाली, "धागा बघा."

डॉक्टरांनी धागा बघितला. त्यांनी झटकन मला काढून यंत्र लावलं. मग आतल्या खोलीत जाऊन एक जाडजूड पुस्तक घेऊन आले, उभ्यानंच दोन पानं वाचली. पुस्तक ट्रेशेजारी ठेवलं. त्यांनी बोटानं बिरूची पापणी वर धरली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"बिरू, मी दिसतोय का? दिसत असलो तर पायाचा अंगठा हलव."

आजीचा हात अजून त्याच्या पायावरच होता. एकदम तिनं तो भाजल्यासारखा मागं घेतला. उजवा अंगठा हलला होता. थोडासाच, पण हलला होता.

बिरूला चावली होती ती मण्यार, रात्री फिरणारा विषारी साप. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण उमटत नाही, दुखतही नाही. अंगातला एकेक स्नायू बंद पडतो, पापणी उचलत नाही, बुबुळ हलत नाही. माणूस मात्र आत पूर्ण जागा असतो. चार दिवस बिरू जागा होता. उशाशी जे जे बोललं गेलं, ते सगळं त्यानं ऐकलं होतं. हे डॉक्टरांनी आजीला तिथंच सांगितलं.

सापाच्या विषावरचं औषध उशिरा का होईना, दिलं. आणि मग माझं खरं काम सुरू झालं. यंत्राचे श्वास रोज थोडे कमी करायचे, आणि मधूनमधून मला लावायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. बिरूचे श्वास आखूड, अडखळत यायचे. तरी दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त हवा माझ्यातून जायची.

बिरू आल्यापासूनच्या सहाव्या दिवशी डॉक्टरांनी घाई केली. मला वाटतं, मनातला सल त्यांना बसू देत नव्हता. पोरगं लवकर सुटावं म्हणून त्यांनी मला एक तास लावायला सांगितलं आणि बाहेरचे पेशंट बघायला गेले. अर्ध्या तासापर्यंत ठीक होतं. मग श्वास भरभर आणि उथळ यायला लागले. मानेच्या शिरा ताणल्या, नाकावर घाम आला. बिरूला हाक मारता येत नव्हती, आणि मला तर नाहीच. करुणा सिस्टर पाठमोरी सुई भरत होती.

आजीचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. तो हलत होता, थांबत नव्हता.

"सिस्टरबाई, त्यो बोलावतोय," ती म्हणाली. "पोरगं दमलंय."

सिस्टरनं वळून बघितलं आणि धावत येऊन यंत्र लावलं. डॉक्टर आले, त्यांनी आजीचं म्हणणं ऐकून घेतलं. पुढचा सबंध दिवस त्यांनी मला हातही लावला नाही, पोराला नुसती विश्रांती दिली. त्यानंतर मला लावायचं तेव्हा ते आधी बिरूला विचारत, आणि अंगठा हलेपर्यंत थांबत. आजीला त्यांनी खाटेच्या पायथ्याशी स्टूल दिलं.

बिरूच्या पापण्या उघडायला लागल्या. बोटं हलली. नजर सगळ्यांवरून फिरायची आणि आजीपाशी आली की तिथंच थांबायची. आजी मान खाली घालायची. कुंडलिक म्हणाला की आता चांगलं झालं. पण बिरूला बोलता येईल त्या दिवसाला आजी भीत होती. डॉक्टरही भीत होते.

दहाव्या दिवशी मी सलग दोन तास बिरूच्या गळ्याशी होतो. श्वास लांब, एकसारखे. दुपारी डॉक्टरांनी नळी काढली. बिरू खोकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी ट्रेमध्ये परत पडलो होतो. कितीतरी वेळ त्याचा आवाज फुटेना. फुटला तो घोगरा, फाटका.

"आज्जे," तो म्हणाला, "तू व्हय का म्हणलीस?"

डॉक्टर पुढं झाले. "मी सांगितलं म्हणून म्हणाल्या रे त्या. चूक माझी होती."

बिरूनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो आजीच्या उत्तराची वाट बघत होता.

म्हाळसाआजी स्टुलावरून उठली. तिला सबब सांगता आली असती, डॉक्टरांनी ती हातात आणून दिली होती. तिनं घेतली नाही.

"मला वाटलं तू न्हायस," ती म्हणाली. "म्हणून म्हणले."

"मी व्हतो."

"व्हतास, बाळा. मला कळलं न्हाय."

बिरूनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी त्यानं आजीच्या हातचं पाणी घेतलं नाही, करुणा सिस्टरनं चमच्यानं पाजलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. आजी स्टुलावर बसून राहिली, उठली नाही, समजूतही काढली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सिस्टरच्या हातातला पेला बाजूला सारला आणि आजीकडे बघून ओठ उघडले. तिनं पेला इतक्या घाईनं त्याच्या ओठांशी नेला की निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. ओल्या सदऱ्यानंच तो घरी गेला.

त्यानंतर या खोलीत खाटेपाशी उभं राहून मुलाबद्दल बोलणं बंद झालं. बोलायचं असेल ते बाहेर जाऊन बोलायचं, असा डॉक्टरांनी नियम केला. कितीही निपचित मूल असो, करुणा सिस्टर त्याला नाव घेऊन सांगते, आता सुई टोचते हं, आता कूस बदलते हं.

मीही आता थकलोय. औषधाच्या पाण्यात बुडून बुडून पिवळा पडलो, एका तोंडाला चीर गेली आहे. सिस्टरनं काल मला ट्रेमधून वेगळं काढून खिडकीत ठेवलं. ट्रेमध्ये माझ्या जागी नवा, स्वच्छ टी-पीस आलाय.

जाताना तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरचं कुणी असं पडून असेल, तर त्याला हाक मारा. उत्तर आलं नाही तरी मारत राहा. श्वास परत येतो तेव्हा फार बारीक असतो हो. माझ्या तोंडाशी तो आला तेव्हा मलासुद्धा तो खरा वाटला नव्हता.