काटा तिसावरच होता

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. भाजणारा नव्हे, ओलं बियाणं वाळवणारा. पत्र्याचं अंग, आत जाळीच्या सहा फळ्या, मागे पंखा आणि दारावर तापमान दाखवणारा काटा. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं काम केलं. माझ्या हातून जे घडलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

तिथे एक ताई होत्या. पावसाने ओढ दिली तरी बी कसं उगवेल, हे त्या शोधत. बी आठ तास पाण्यात ठेवायचं, मोड फुटायच्या आत काढायचं आणि माझ्यात हलक्या उबेवर वाळवायचं. मग पुन्हा भिजवायचं, पुन्हा वाळवायचं. असं बी कमी ओलीच्या मातीतही साध्या बियाण्याच्या आधी डोकं वर काढायचं. "त्याची निम्मी तयारी इथेच झालेली असते," ताई सांगायच्या. पाहुणे आले की त्यांचे साहेब माझ्या दारावर थाप मारत. "हा आमचा सगळ्यात भरवशाचा गडी." मी फुशारून जायचो.

एकदा ज्वारीच्या एका जुन्या वाणाचं बी आलं. जेमतेम दोन मुठी. दुसरीकडे कुठेच उरलं नव्हतं. माझ्या भरवशावर साहेबांनी सगळंच भिजवायला सांगितलं. नेमका तेव्हा माझा काटा तिसावर अडकला. आत तापमान पन्नासच्या वर गेलं होतं. ओलं बी उष्णतेला फार हळवं असतं. ते माझ्या पोटात मरत होतं, मला ते कळत होतं, आणि बाहेर मी तीसच दाखवत होतो.

पेरलेल्या बियांतून मोजून चार रोपं आली.

"तुम्ही भिजत ठेवून विसरलात," साहेब म्हणाले.

"नाही सर. आठ तासांनी मीच काढलं."

"मग हा ओव्हन खोटं बोलतो का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. काटा तिसावर होता.

साहेबांनी त्यांना प्रयोगावरून काढून बियाण्याच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. एका दुपारी त्या बहिणीला फोनवर म्हणाल्या, "अगं, मीच विसरले असेन बहुतेक." मित्रांनो, बी मेलं त्याहून मला या वाक्याची लाज जास्त वाटते.

महिन्याने साहेबांनी दुसरं बी स्वतःच्या हाताने भिजवलं, वाळवलं. तेही मेलं. त्यांनी ताईंना बोलावलं. ताईंनी खालच्या फळीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. साधा तापमापक आत ठेवला, तर पारा त्रेपन्नावर.

साहेबांनी माझं बटण बंद केलं. मग म्हणाले, "चूक माझी. मी काट्यावर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही."

"मीही माझ्यावर ठेवला नाही, सर," ताई म्हणाल्या.

त्या चार रोपांना त्यांनी कुंड्यांत जपलं. कणसं छोटीच आली, पण वाण वाचला. पुढे ताई ते बी भिजवून सावलीत कागदावर वाळवू लागल्या. मी आता व्हरांड्यात आहे. माझ्यात रिकाम्या कुंड्या ठेवतात.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची वेळच्या वेळी तपासणी करत जा. आम्ही बिघडतो आणि आम्हाला ते सांगता येत नाही. आणि एखादं माणूस "मी हे केलं नाही" म्हणालं, तर त्याला पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवण्याआधी आमचं दार उघडून बघा.