रंगुबाईची ओवी

१९७१ साली संगमनेरात माझा दवाखाना होता. बोलणं मेंदूत कुठून उमटतं, या प्रश्नानं मला झपाटलं होतं. मेंदूतले विजेचे तरंग कागदावर उतरवणारं यंत्र घ्यायला मी एका साखर कारखान्याच्या समितीकडे अनुदान मागितलं होतं. अर्ज दोनदा परत आला.

त्या काळात छगन त्याच्या आईला, रंगुबाईला, माझ्याकडे आणायचा. लकव्यानं तिची वाचा गेली होती. पाणी मागायला गेली की तोंडून भलताच शब्द निघे. पण जात्यावरच्या ओव्या मात्र ती बिनचूक गायची.

तिला समितीपुढे न्यायचं मी ठरवलं. "मोठ्या लोकांना दाखवू," एवढंच मायलेकांना सांगितलं. ते समजले, मोठे डॉक्टर.

बैठकीत बारा पुरुष बसलेले. रंगुबाईनं पदर पुढं ओढला. मी छगनकडे बोट दाखवलं.

"मावशी, हा कोण?"

"कोयता," ती म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिथं मला थांबता आलं असतं. मी पुन्हा विचारलं.

"कोयता... कोयता..." तिचे डोळे भरून आले. तशातच मी ओवीची पहिली ओळ म्हणून दिली आणि ती गाऊ लागली. 'छगन बाळ माझा' हे शब्द अगदी स्वच्छ आले.

"कमाल हाय, डॉक्टर!" अध्यक्ष आबासाहेब म्हणाले. अनुदान तिथंच मंजूर झालं.

त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. यंत्र आलं, तेव्हा मीच तिच्या गावी गेलो. छगन ओट्यावर बसला होता.

"आई आता गात न्हाई, कमरुद्दीन डॉक्टर," तो म्हणाला. "जात्यावर बसती, पन गप. तुमी दुसऱ्यांदा कशापायी इचारलं?"

आत जाऊन मी हात जोडले. "मावशी, माझं चुकलं." तिनं मला चहा दिला आणि मी उठेपर्यंत तोंडावरचा पदर काढला नाही.

वर्षअखेरीस अहवाल लिहिला, त्यातून मी तिची हकिगत वगळली. समितीनं कारण विचारलं. 'बाईंची संमती नाही,' असं मी कळवलं. खरं तर संमती मी तिला कधी विचारलीच नव्हती.