बॉबिनची बटणं

बॉबिन मांजर कापडाच्या ढिगातच वाढली. अस्तरावर झोपायची, दोऱ्याशी भांडायची, आणि शिलाई मशीन थांबलं की शिंपिणीच्या मांडीवर हक्काने चढून बसायची.

एका दुपारी मांजरीच्या खांद्यावरून हात फिरवताना शिंपिणीच्या बोटांना काहीतरी अडलं. केसांचा गुंता असेल म्हणून तिने कात्री उचललीसुद्धा. पण गुंता केसांबरोबर हलतो; हे कातडीखाली होतं, घट्ट, बाळाच्या झबल्याच्या बटणाएवढं. तिने कात्री हळूच खाली ठेवली.

"काहीतरी चावलं असेल," काजं करता करता नणंद म्हणाली.

शिंपिणीने तसलंच एक बटण शोधलं आणि चिंधीवर टाचून चिंधी खिळ्याला अडकवली. दोन आठवड्यांनी त्याशेजारी शर्टाचं बटण आलं. पाचव्या आठवड्यात कोटाचं.

"वहिनी, बटणांचं दुकान काढतेस की काय? मांजरीला नेणार कधी?"

"माप घेतेय ना, वन्सं."

"कोणाचं? गाठीचं, की तुझ्या भीतीचं?"

शिंपिणीच्या पायाखालचं मशीन थांबलं. दवाखान्यात नेलं की काय ते एकदाचं कळणार, आणि तेच तर तिला कळायला नको होतं. बॉबिन मात्र मान वाकडी करून गाठ चाटत होती. तिथले केस विरळ झाले होते. शिंपिणीने टोपली काढली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली. "किती दिवस झाले?"

शिंपिणीने चिंधी पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही बटणांवरून बोट फिरवलं. "इतकी चोख नोंद मला कोणी आणून दिली नव्हती. पण बाई, नुसती मापं घेऊन झबलं शिवून होतं का? सगळ्याच गाठी वाईट नसतात. वाढली, चिघळली, मांजर चाटायला लागलं, की मात्र थांबायचं नाही. तुम्ही दुसऱ्या बटणालाच यायला हवं होतं."

सुईने नमुना घेतला. चार दिवस शिंपिणीचा जीव टांगणीला. गाठ वाईटच निघाली.

"भोवतीची चांगली कातडीही बरीच काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शिलाईला जागा सोडतो, तशी."

"अगदी तशीच."

ऑपरेशन झालं. पोट मुंडलेलं असतं तर झाकलं गेलं असतं. बॉबिनचा खांदाच मुंडलेला, त्यावर अकरा टाके. शिंपिणीने ते चष्मा लावून तपासले. "तिसरा जरा तिरका आहे," ती म्हणाली, आणि तिथेच टेबलाला टेकून रडली. पुढच्या आठवड्यात तपासणीचा कागद आला: काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, मागे काही उरलं नव्हतं. तरी दर महिन्याला हात फिरवून बघायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

खांद्यावर केस परत आले. मग एका सकाळी बॉबिनच्या हनुवटीखाली शिंपिणीच्या बोटांना काहीतरी बारीक लागलं, मोहरीएवढं.

नणंदेने बटणांचा डबा पुढे सरकवला.

"राहू दे तो," शिंपीण म्हणाली. "टोपली आणा, वन्सं."

दवाखान्यात कळलं, साधी पुटकुळी होती, पुसून घेतली की बरी होणारी. परत येताना बॉबिन टोपलीत वाटभर ओरडत होती, आणि शिंपीण तिला वाटभर हसत होती.