शोकेसमधला चेंडू

ही गोष्ट २०२३ सालची. दसऱ्याचा दिवस. शहराच्या कडेच्या बाळकुमला, जिथे माझ्या तरुणपणी भाताची खाचरं होती आणि आता टॉवरांची रांग आहे, तिथे एका लहानशा फ्लॅटमध्ये उत्तम सावंत पूजेला बसले होते. पाटावर त्यांची पक्कड आणि टेस्टर, बायको शीलाची कात्री आणि मुलगी रुचिताच्या दोन टेनिस रॅकेट. प्रत्येकाला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं गेलं. मग उत्तमरावांनी शोकेसमधून एक जुना, मळका चेंडू काढला आणि पाटाच्या कडेला ठेवला. त्याला कुंकू लावलं नाही.

"याला अजून नाही," ते दरवर्षीप्रमाणे म्हणाले. "ती पोरगी ज्या दिवशी हरेल, त्या दिवशी."

ती पोरगी म्हणजे शहराच्या मध्यवस्तीतल्या नौपाड्याची क्षिप्रा. सहा वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत दोघी अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या होत्या. लहान मुलांच्या सामन्यात रेषेवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच प्रामाणिकपणे सांगायचं असतं. लाल मातीच्या कोर्टवर चेंडूचा ठसा उमटतो. शंका आली तर तो ठसा दाखवायचा. रुचिताचा चेंडू रेषेवर पडला होता. क्षिप्राने "आऊट" म्हटलं आणि शेजारच्याच एका जुन्या ठशाभोवती रॅकेटने गोल काढला. रेफ्री आले, त्यांनी गोलातला ठसा पाहिला आणि निकाल दिला. रुचिता हरली. बाहेर पडताना क्षिप्राची आई उत्तमरावांकडे बघत हसून म्हणाली, "बाळकुमची ना? तिकडे कसल्या आल्यात रेषा, नुसता चिखल!"

उत्तमरावांनी तो चेंडू खिशात घालून घरी आणला. तेव्हापासून सरावाला निघताना रुचिता देवाला नमस्कार करायची आणि मग त्या चेंडूला हात लावायची.

२०२३ साली ती व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली होती. ऐकायला मोठं वाटतं! प्रत्यक्षात एसटीने गावोगाव जायचं, पात्रता फेरीत हरायचं आणि परत यायचं. जागतिक क्रमवारीतला पहिला गुण अजून मिळायचा होता. पण रोज सर्व्हिस करताना तिच्या डोळ्यांसमोर क्रमवारी नसायची, क्षिप्राचा चेहरा असायचा.

"अहो, पोरीला चेंडू बघायला शिकवा," शीला त्या दसऱ्याला म्हणाली. "तुम्ही तिला माणूस बघायला शिकवताय."

"ती बाई हसली तेव्हा तू नव्हतीस तिथे!"

"हसली ती तुम्हाला. मग त्याचं ओझं हिने का वाहायचं?"

"आई, मलाच हवंय हे," रुचिता तडकली. "बाबा सांगतात म्हणून नाही. मला तिला रडताना बघायचंय."

"तीन वर्षं झाली, खेळून आल्यावर तू एकदाही मजा आली म्हणाली नाहीस," शीला म्हणाली आणि पाटावरची कात्री उचलून आत गेली.

डिसेंबरात माजिवड्याला एक छोटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत रुचितासमोर नाव आलं, क्षिप्राचं! जिंकणारी मुख्य स्पर्धेत जाणार होती. तिथे एक सामना जिंकला की तो पहिला गुण. उत्तमरावांनी एका खिशात चेंडू घातला आणि दुसऱ्या खिशात कुंकवाची डबी.

कोर्ट लाल मातीचं. पात्रता फेरीतही रेषेचा निर्णय खेळाडूंचाच. रुचिता अशी खेळली की बघणाऱ्यांना भीती वाटावी. चेंडू क्षिप्राच्या अंगावर मारत होती, नेटजवळ आली की डोळे रोखत होती. क्षिप्राही दबली नाही. सामना निर्णायक टायब्रेकमध्ये गेला आणि रुचिता मॅच पॉइंटवर पोचली, आणखी एक पॉइंट की सामना तिचा. उत्तमरावांनी डबी उघडून त्यात बोट बुडवलं. शेजारी शीला हात मांडीवर ठेवून बसली होती.

क्षिप्राचा फटका कोपऱ्यात सणसणत आला. रुचिता पोचूच शकली नाही. पण तोंडातून निघून गेलं, "आऊट!"

"मार्क दाखव ना यार," क्षिप्रा नेटपाशी येऊन म्हणाली.

रुचिता कोपऱ्यात गेली. ताजा ठसा रेषेवर होता, अगदी स्वच्छ. त्याच्या बाजूला, रेषेबाहेर, एक जुना ठसा. देवानेच आणून ठेवावा तसा! नुसता गोल काढायचा होता. सहा वर्षांचा हिशेब चुकता!

तिने प्रेक्षकांकडे पाहिलं. बाबा उभे होते, बोट वर करून. आऊट. बोटाचं टोक कुंकवाने लाल.

मग तिचं लक्ष क्षिप्राकडे गेलं. क्षिप्राही मागे वळून आपल्या आईकडे बघत होती. रुचिताला एकदम आठवलं. त्या दिवशीही ती आधी अशीच मागे वळली होती. तिथेही असंच एक बोट वर झालं होतं. तेरा वर्षांच्या पोरीने त्या बोटाचं ऐकलं होतं.

आणि आज मी कोणाचं ऐकतेय?

रुचिताने खऱ्या ठशाभोवती गोल काढला. "बॉल आत होता. पॉइंट तुझा."

पुढचे दोन पॉइंटही क्षिप्राने घेतले. रुचिता हरली.

हात मिळवताना क्षिप्रा पुटपुटली, "त्या दिवशीचा मार्क खोटा होता."

"माहितेय," रुचिता म्हणाली. तिला क्षमा करावीशी वाटली नाही. पण हात तिने झटकलाही नाही.

"घालवलंस! हातातली मॅच घालवलीस!" उत्तमराव ओरडत होते.

"आधी बोट खाली करा," शीला म्हणाली.

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. क्षिप्राची आई जिंकून आलेल्या लेकीला झापत होती, "बाळकुमच्या पोरीने तुला मॅच पॉइंटपर्यंत आणलंच कसं? लाज नाही वाटत?" क्षिप्रा मान खाली घालून उभी होती. तिच्यासमोर तेच बोट नाचत होतं.

उत्तमरावांनी ते पाहिलं. मग त्यांनी रुचिताला जवळ घेतलं आणि ते लाल बोट तिच्या कपाळाला टेकवलं.

"बाबा, हरलेय मी."

"माहितेय गं. हे आधीच लावायला हवं होतं."

घरी आल्यावर त्यांनी तो चेंडू जमिनीवर टाकला. तो उसळलाच नाही. थप्प करून पडला आणि कोचाखाली गडगडत गेला. इतकी वर्षं जपला, पण त्यातला जीव केव्हाच गेला होता.

रुचिताला पुढच्या वर्षी पहिला गुण मिळाला, सोलापूरला. त्या संध्याकाळी तिने आईला फोन करून आधी सांगितलं, "मजा आली!" क्षिप्राने टेनिस सोडलं आणि ती फिजिओथेरपी शिकायला लागली. तिच्या आईने माफी कधीच मागितली नाही. शीला अजूनही कधी सामना बघायला गेली तर हात मांडीवर ठेवून बसते. आणि उत्तमराव लहान मुलांच्या स्पर्धांना जातात. एखादा बाप उठून बोट दाखवू लागला की त्याच्या शेजारी जाऊन हळूच म्हणतात, "साहेब, बसा. खेळतंय कोण?"

वाचकहो, अपमान आपला असेल तर तो आपणच गिळावा किंवा आपणच निस्तरावा. लेकरांच्या हातात रॅकेट द्यावी, आपला सूड देऊ नये!